डाव्या फुलाला लावलेला गूळ

काल दुपारी मी बोललो. सत्तावीस वर्षं जिभेखाली दाबून धरलेली गोष्ट देवासमोर, अख्ख्या गावाच्या देखत बोललो, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून चार वेळा अंगणात जाऊन आलो. चहा दोनदा मागितला आणि दोन्ही वेळा निववला. बायको म्हणाली, "आवं, गाभण म्हशीगत काय फेऱ्या घालताय? बसा की." म्हणून ही वही घेऊन बसलो आहे. अठ्ठ्याहत्तरावं वर्ष चालू आहे, आणि एवढं सलग लिहायची ही पहिलीच वेळ.

आमचं गाव शिनोलीच्या वर, आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्याला डोंगरात आहे. भाताची खाचरं, नाचणी, वरई, आणि गावाच्या डोक्याशी देवराई. राईत देऊळ, देवळात शेंदूर लावलेला छातीएवढा दगड. तोच आमचा देव. राईतली वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही हा गावाचा नियम. न्यायचीच असेल तर देवाला विचारायचं. विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओलं फूल चिकटवायचं, प्रश्न सांगायचा आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. एका गोष्टीला वर्षातून एकदाच विचारायचं.

कौल लावायचा मान आमच्या घराकडे. माझ्या वडलांनी लावला, त्यांच्यानंतर मी. आठवडाभर मी घोडेगावला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून जखमा बांधायचो आणि सणावाराला देवाचा शब्द गावाला सांगायचो. दोन्ही कामांना हात स्थिर लागतो.

आमची एकुलती एक मुलगी पहिल्यापासून निराळी. बोलायला उशिरा लागली, आणि लागली ती एकदम पुस्तकातल्यासारखी. गावातली पोरं 'नाय' म्हणत तिथं ही 'नाही' म्हणायची. पोरं चिडवायची, "आल्या बाई, आता हजेरी घेत्यात." घंटा वाजली की कानांवर हात घेऊन पळायची. पाहुणे उठताना "येतो हां परत" म्हणाले की ही ओट्यावर त्यांची वाट बघत बसायची. अंधार पडायला लागला तरी बसायची. "अगं, तसं म्हणायची पद्धत असते," असं तिला समजावून मी थकलो. तिचा प्रश्न ठरलेला: "मग येणार नाही असं म्हणायची पद्धत का नाही?"

पण देवाशी तिचं जमायचं. देऊळ रिकामं असलं की तासन्‌तास तिथं बसायची. एकदा मी विचारलं, "तुला देव एवढा का आवडतो गं?" म्हणाली, "देव तोंडदेखलं बोलत नाही. उजवं म्हणजे हो, डावं म्हणजे नाही. बाकी सगळ्यांचं ओळखावं लागतं."

राईचे नियम तिच्याइतके कुणी पाळले नाहीत. बाहेर पडताना हद्दीच्या दगडावर बसायची, तळवे बघायची, फ्रॉक झटकायची, वेणी सोडून केस झटकायची. एकदा घरी आल्यावर वेणीत एक वाळकं पान सापडलं, तर ते ठेवायला परत राईपर्यंत चालत गेली. गाव हसलं. मीही हसलो, पण मला मनातून अभिमान वाटला होता. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

ती अकरा वर्षांची असताना गावानं देवळापुढं सभामंडप बांधायचं ठरवलं. खांबांना आणि तुळयांना लाकूड हवं होतं, आणि राईत ऐनाची दोन सरळसोट झाडं उभी होती. आदल्या वर्षी मी कौल लावला होता. डावं फूल पडलं. देव नाही म्हणाला. गाव वर्षभर घुश्शात. दुसऱ्या वर्षी विचारायची वेळ आली तोवर पत्रे आणून ठेवले होते, सुताराला सांगावा गेला होता. आमचे गुरव माझे लहानपणापासूनचे सोबती. कौलाच्या सकाळी चहा पिता पिता एवढंच म्हणाले, "राव, देवाला जरा सांभाळून घे."

सांभाळून घे म्हणजे काय हे मला विचारावं लागलं नाही. आमच्याकडे माणसं अशीच बोलतात. मी घरातून वाटाण्याएवढा गुळाचा खडा घेतला, तळहातावर ओला करून मळला आणि डाव्या झेंडूच्या देठाला लावला. उजवं फूल नुसत्या पाण्यावर.

मुलगी पुढंच उभी होती. तिचे डोळे बरोबर माझ्या हातांच्या उंचीला होते. उजवं फूल पडलं, लोक 'चांगभलं' म्हणायला तोंड उघडतायत तोच तिचा खणखणीत आवाज आला, "डाव्या फुलाला गूळ लावलाय. बाबांच्या बोटाला पण आहे. हा कौल धरायचा नाही. आता पुढच्या वर्षी परत विचारायचं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोट धोतराला पुसलं आणि म्हणालो, "पोरगी खोटं बोलतेय. तिला सवयच आहे खोटं बोलायची."

ती रडली नाही. माझ्या बोटाकडं बघितलं, मग तोंडाकडं. म्हणाली, "मी खोटं बोलत नाही. मला ते येत नाही." कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, चांगभलं झालं, आणि चार दिवसांत दोन्ही ऐन आडवे झाले.

त्यानंतर ती देवळात आली नाही. 'बाहेरचं काहीतरी असेल' म्हणून मी तिला एका भगताकडं नेलं, अंगारा लावला, तोही मुकाट लावून घेतला. माझं वाक्य मात्र गावानं उचललं ते उचललंच. दोनेक महिन्यांनी तिनं शेजारच्या आजींना सांगितलं की गोठ्यामागं बिबट्या बसलाय. आजी म्हणाल्या, "चल, खोटारडी!" त्याच रात्री त्यांची शेळी गेली. तरी कुणी ते वाक्य मागं घेतलं नाही. मी तर नाहीच.

चौदाव्या वर्षी एकदा जेवताना तिनं सांगितलं, "मी आता देव मानत नाही. डाळ वाढा." आईनं डाळ वाढली. मी ताट सारून उठलो. मी मनाशी पक्कं धरलं की पोरीचा देव मी त्या गुळात बुडवला. ज्याच्याशी तिचं जमायचं असा एकच होता, तोही मी काढून घेतला. हे ओझं मी सेवेत वागवलं, पेन्शनीत वागवलं. आणि कौल लावत राहिलो. गूळ पुन्हा कधी लावला नाही, पण त्यानं काय होतंय?

मुलगी शिकली. आता नारायणगावला माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. द्राक्षं आणि टोमॅटोवाले शेतकरी मातीच्या पिशव्या घेऊन येतात. एकजण मला जीपमध्ये भेटला तर म्हणाला, "त्या मॅडम गोड बोलत न्हाईत, पण बोलत्यात ते खरं निघतं." मी त्याला माझी ओळख दिली नाही. कुठल्या तोंडानं देणार?

गेल्या माघात ती घरी आली ती कागदांची एक पिशवी घेऊन. तिच्या बरोबर काम करणाऱ्या बाईंच्या लहान मुलीला ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या मुलीबद्दल वाचता वाचता आमच्या मुलीला आपलंच लहानपण सापडलं. पुण्याला जाऊन तिनं स्वतःची तपासणी करून घेतली. अडतिसाव्या वर्षी! तो रिपोर्ट तिनं आम्हा दोघांना ओट्यावर बसवून वाचून दाखवला. घंटेचा त्रास, शब्दाला शब्द धरणं, नियमांत जीव रमणं, सगळं त्यात होतं. बायको मध्येच म्हणाली, "म्हंजी अंगारा वाया गेला." मुलगी म्हणाली, "हो."

मला राहवलं नाही. मी विचारून टाकलं, "तुझा देव माझ्यामुळं गेला ना?"

तिनं रिपोर्टाची टोकाला टोक जुळवून घडी घातली. उत्तर जुळवत असली की ती हातांना असं काम देते, हे मला आता कुठं समजायला लागलंय.

"नाही," ती म्हणाली. "गूळ हा तुमचा दोष होता. त्यावरून देवाबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. ते मी वेगळं तपासलं."

"तपासलंस? कसं?"

तिनं सांगितलं, आणि मी थक्क होऊन ऐकत राहिलो. गोठ्यामागं धुण्याचा एक उभा दगड होता. त्यावर ती रोज शाळेतून आल्यावर कौल लावायची. ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत असेच प्रश्न ती देवाला विचारायची, म्हणजे देव बरोबर सांगतो का ते कळेल. आज मंगळवार आहे का? आपल्या शेळीला चार पाय आहेत का?

"मग?" मी म्हणालो.

"शेळीला चार पाय नाहीत, असं बऱ्याचदा आलं."

बायको पदरात तोंड घालून हसायला लागली. मुलगी पण थोडी हसली. "आधी वाटलं माझी जागा चुकत असेल. मग वाटलं देवाला कामं असतील. घाईनं ठरवणं बरोबर नव्हतं, म्हणून तीन वर्षं दिली. मग राईच्या हद्दीपाशी जाऊन देवाला सांगितलं की आजपासून मी विचारणार नाही. न सांगता सोडणं बरं दिसलं नसतं."

काय सांगू! माझ्या छातीवरून गाडाभर दगड उतरला. मी पोरीचा देव बुडवला नव्हता! तिनं तो आपल्या अकलेनं, तीन वर्षं घालवून, रीतसर निरोप देऊन सोडला होता. मी एवढा आनंदलो की उठून उभा राहिलो. म्हणालो, "म्हणजे माझ्याकडून तुझं काही बिघडलं नाही."

"बिघडलं," ती म्हणाली. "मी खोटं बोलते असं तुम्ही म्हणालात. ते अजून तसंच आहे."

मी खाली बसलो. बायको हळूच म्हणाली, "गुळाचा खडा माज्याच डब्यातला व्हता. मला त्याच दिशी कळलं व्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलं व्हतं का?"

मी मुलीला म्हटलं, "आता काय करू, सांग."

"जिथं म्हणालात तिथं, त्याच लोकांसमोर, उलटं म्हणा."

"त्यातले निम्मे मेले गं."

"मग उरलेल्यांसमोर."

रिपोर्टच्या पाकिटाच्या मागं तिनं लिहून दिलं: डाव्या फुलाला गूळ मी लावला होता. माझी मुलगी खरं बोलली. खोटं मी बोललो. मी म्हणालो, "त्यात 'गावाच्या भल्यासाठी' एवढं घालू का?" म्हणाली, "तो भाग नको. तो घातला की सगळं परत तुमच्या बाजूला पडतं."

गेल्या पावसाळ्यात राईतला आणखी एक ऐन आपोआप पडला होता. सभामंडपाच्या तुळया किडल्यात, पत्रे गळतात. जत्रेआधी, म्हणजे काल, पडलेलं लाकूड न्यायचं का, असा कौल लावायचा ठरला होता. मुलगी नारायणगावहून सकाळीच निघून आली. देवळाबाहेर खांबाला टेकून उभी राहिली, घंटेचा आवाज नको म्हणून कानांवर ते मोठे हेडफोन लावून. मी हातात फुलं घेतली, परत ताटात ठेवली, टोपीतून पाकीट काढलं आणि वाचलं. तीनच ओळी. वाचून झाल्यावर मी देवालाच धरून उभा राहिलो.

पहिले गुरव बोलले. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, पण आवाज अजून तोच. "हात्तिच्या! हे सांगाया एवढी वर्षं घातलीस? आमा समद्यांना ठावं व्हतं की."

मी म्हणालो, "ठाऊक होतं तर त्या दिवशी बोलला का नाही?"

"तू लावलेला गूळ आमी बी खाल्ला राव. याच मांडवात बसून पंगती उठवल्या." एवढं बोलून ते मुलीकडं बघायला लागले, आणि मग त्यांनी मान खाली घातली. मी मघाच लिहिलं की कौलाआधी त्यांनीच मला सुचवलं होतं. ते त्यांनी काल स्वतःहून सगळ्यांना सांगितलं. त्यांचं सांगणं मी ऐकलं, पण ते माझ्या वाटणीतून वजा करत नाही.

मागून शेजारच्या आजी पुढं आल्या. नव्वदीला टेकल्यात, काठीनं वाट काढत थेट मुलीपाशी गेल्या. मुलीनं हेडफोन काढले. "माजी शेळी नेली व्हती बिबट्यानं. तू सांगत व्हतीस आन मीच खोटारडी म्हनले. चुकले गं बाय."

"हो," मुलगी म्हणाली. "ती गाभण होती."

एकजण बडबडला, "म्हातारा चळला. समदी जत्रा नासवली." गुरव त्याच्यावर डाफरले, "गप ए! कौल लावायचा ऱ्हायलाय अजून." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पन तू न्हाई लावायचा. तुज्या हाताला गूळ हाय." देऊळभर हशा. मीही हसलो. "पोरगी लावंल. तिला लबाडी येत न्हाई."

मुलगी म्हणाली, "मी देव मानत नाही."

"नको मानू. देव तुला मानतो का बगू."

तिनं हेडफोन परत कानांवर चढवले. मला वाटलं, आता ही निघून जाणार. मग म्हणाली, "फुलं सारखी लागतील. आणि तो पंखा बंद करा."

आणि ती आत आली! सत्तावीस वर्षांनी त्या उंबऱ्याच्या आत आली. ताटातली चाफ्याची सगळी फुलं तिनं जमिनीवर मांडली, उचलून, तळहातावर तोलून, दोन काढली. दोन्ही एकाच तांब्यात बुडवली, तोंडानं दहा अंक मोजले, दोन्ही हातांनी एकाच वेळी देवाला लावली आणि मागं सरकली. "पडलेलं झाड न्यायचं का?" मोठ्यानं विचारलं, शाळेत विचारावं तसं.

कसली शांतता पडली! सभामंडप झाल्यापासून मी तिथं असे श्वास रोखलेले लोक बघितले नव्हते. कारण या वेळी कौलात कुणाचा हात नाही याची सगळ्यांनाच खात्री होती. मी लहान असताना वडील कौल लावायचे, तेव्हा बघायचो तसा टाचा उंचावून बघत राहिलो.

डावं फूल पडलं.

"च्यायला!" कुणीतरी म्हणालं. "आता ह्या पावसात पंगतीला छत्र्या घेऊन बसू." पण कुणी वाद घातला नाही. गुरवांनी पडलेलं फूल उचलून कपाळाला लावलं. झाड राईतच राहणार, पत्रे आणखी एक वर्ष गळणार.

घरी येताना मी तिला विचारलं, "काय वाटलं गं आत?"

"डावं फूल थोडं जड असेल," ती म्हणाली. हद्दीच्या दगडावर बसून तिनं तळवे बघितले, ओढणी झटकली. मी म्हणालो, "अजून?" म्हणाली, "नियम चांगला आहे." मग मीही बसलो आणि माझं धोतर झटकलं.

एवढं लिहून मी वही तिच्यापुढं ठेवली. ती संध्याकाळच्या गाडीनं जाणार आहे. तिनं ओट्यावर बसून पहिल्यापासून वाचलं, एकदाच थांबली. "एक चूक आहे. त्या दिवशी झेंडू नव्हता, पांढरी शेवंती होती. झेंडू एवढ्याशा गुळानं टिकला नसता." मी पेन घेऊन शब्द खोडायला लागलो तर म्हणाली, "खोडू नका. चुकलेलं दिसू दे आणि खाली बरोबर लिहा." तर ती शेवंती होती.

"बाकी?" मी विचारलं.

तिनं शेवटचं पान पुन्हा एकदा वाचलं, वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

"बाकी खरं आहे."